कळल्याची वेळ

तावडेवाडीत आता माणसं मोजकीच उरली आहेत. बाकीची सगळी वाडी मुंबईला आहे: नाहूरला अकरा घरं, मुलुंड-घाटकोपरला मिळून अठरा, वाकोल्याला सात, बोरिवलीला बारा आणि चारकोपला सहा. एकूण चोपन्न. यांचे बाप-आजे गिरणीत होते आणि एका खोलीत बारा-बारा जण झोपत होते. नातवंडं आता कुणी लॅबमध्ये रक्त तपासतं, कुणी टॅक्सी चालवतं, कुणी मॉलमध्ये एसी दुरुस्त करतं. पण आडनाव एक, भावकी एक, म्हणून सुतकही एकच. वाडीत कुणी गेलं की चोपन्न घरांतले देव दहा दिवस फुलावाचून राहतात.

हे सुतक लागतं ते माणूस गेल्यापासून नाही, कळल्यापासून. कळलंच नाही, तर लागलंच नाही. म्हणून कुणाकडे गणपती बसलेला असेल, कुणाच्या मुलीला हळद लागली असेल, तर शहाणी माणसं त्या घराला मुद्दाम कळवत नाहीत. कार्य पार पडलं की मग हळूच सांगतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवस चालतात, आंब्याच्या पेट्या चालतात, दुसऱ्याच्या पोरांचे दहावीचे टक्केही चालतात. मरण चालत नाही. ग्रुपवर टाकलं की चोपन्न घरांना एका दमात सुतक लागणार आणि टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होणार. मरण फोनवरून सांगायचं, एकेका घराला, घर बघून.

कोणत्या घराला कधी कळलं, याची मंडळाकडे एक वही आहे. दिवस मोजायला ती लागते. त्या वहीत दोनच रकाने: घर आणि कळल्याची वेळ. कुणी सांगितलं हा रकाना नाही. मरणाची बातमी आणणाऱ्याचं नाव घेऊ नये, कागदावर तर मुळीच चढवू नये, ही वाडीची जुनी रीत. ऐकणाराही "तुला कुठून कळलं" असं विचारत नाही. "कळलं" म्हणतो आणि घड्याळ बघतो.

ही वही अकरा वर्षं शेवंतीकडे होती. वही खरं तर तिच्या नवऱ्याची, काशीरामची. तो मंडळाचा चिटणीस. पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला तेव्हा वही बायकोकडे आली आणि ऑपरेशन होऊन डोळे लख्ख झाले तरी परत गेली नाही. बायकोचं अक्षर बरं आहे, असं तो लोकांना सांगायचा. खरं कारण असं की प्रत्येक मरणानंतर चोपन्न फोन करून वेळा विचारायचा त्याला कंटाळा होता. शेवंतीला नव्हता. तिने तीस वर्षं मुलुंडच्या एका औषध कंपनीत गोळ्यांच्या पाकिटांची तपासणी केली होती. रिकाम्या कप्प्याचं पाकीट पट्ट्यावर आलं, की ते कोणत्या मशीनकडून आलं हे ती वेळेवरून सांगायची. मेकॅनिक मशीन उघडून बघण्याआधी तिला विचारायचे. माणूस मोठा चौकस, तोंडाने फटकळ आणि चुकीचा हिशेब दिसला की हात शिवशिवणारा. अशा बाईवर जेव्हा आळ येतो, तेव्हा तो तिला जेवू देत नाही.

आळ आला तो दोन वर्षांपूर्वी, सुगंधाकाकी गेली तेव्हा.

सुगंधाकाकी म्हणजे चारकोपच्या कुंडलिकची चुलती. त्याची आई तो चार वर्षांचा असताना गेली, काकीने वाढवलं. काकीला पोटचं मूल नव्हतं. अग्नी कुंडलिकनेच द्यायचा, असं तिने सगळ्या वाडीला बजावून ठेवलं होतं. ती गेली एका दुपारी चार वाजता. गावाहून घाटकोपरच्या लवूनानांना फोन आला, कारण पहिला फोन नेहमी त्यांनाच येतो. लवूनानांनी नाहूरला शेवंतीला सांगितलं, शेवंतीने ठरल्याप्रमाणे मुलुंडला आणि बोरिवलीच्या अनिरुद्धला. मंडळाच्या यादीप्रमाणे पुढे बोरिवली आणि चारकोप अनिरुद्धचे. चारकोपला फोन जायचा तो कुंडलिकला, तिथल्या बाकीच्या पाच घरांना मग तो सांगायचा. नाहूरहून रात्रीची गाडी निघाली, बोरिवलीची माणसं तिकडूनच बस धरून निघाली. नाहूरवाल्यांना वाटलं, कुंडलिक बोरिवलीवाल्यांबरोबर असेल. बोरिवलीवाल्यांना वाटलं, नाहूरच्या गाडीत असेल. गावातली माणसं लवूनानांना विचारत होती, आणि लवूनाना छातीठोक सांगत होते की सगळीकडे कळवलंय.

कुंडलिकला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता. दुपारी बारापर्यंत थांबून दुसऱ्या पुतण्याने अग्नी दिला. कुंडलिक पोचला तेव्हा राख सावडायची तेवढी राहिली होती.

तेराव्याला विषय निघालाच. अनिरुद्ध म्हणाला, शेवंतीवहिनी मला फोनवर म्हणाल्या होत्या, चारकोपला मी सांगते. शेवंती म्हणाली, मी असं बोललेच नाही. आता हे दोघांच्या फोनमधलं बोलणं, तिसरा साक्षीदार नाही. पण काशीराम आणि कुंडलिक यांच्यात गावच्या एका फणसावरून सहा वर्षं अबोला होता, हे सगळ्यांना माहीत. तेवढं पुरलं. फणसाचा राग काकीच्या मढ्यावर काढला, असं कुणीतरी बोललं आणि ते वाक्य चोपन्न घरांत फिरलं. ते मात्र ग्रुपवर न टाकताही सगळीकडे वेळेत पोचलं. कुंडलिकने सगळ्यांसमोर तिला सांगितलं की तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही, आणि ठेवला नाही.

शेवंतीला सगळ्यात जास्त लागलं ते हे की हळूहळू तिचा स्वतःवरचाच भरवसा डळमळला. दोन वर्षं चोपन्न घरं एकच गोष्ट बोलायला लागली, की माणसाला वाटतं, बोललेही असेन. त्या दिवशी घाईत होते. भात लागत होता. काशीरामची बॅग भरायची होती. बोलून गेले असेन तर? एका पोरक्या माणसाकडून त्याच्या आईसारख्या काकीचा अग्नी मी हिरावला असेन तर? हे ती कुणाशी बोलत नव्हती, काशीरामशीसुद्धा नाही.

मग या वर्षीच्या वार्षिक सभेची नोटीस आली. विषय क्रमांक चार: सुतकाच्या वहीचे व कळवण्याचे काम श्रीमती शेवंती तावडे यांच्याकडून काढून घेणे. मांडणार, अनिरुद्ध तावडे.

काशीराम म्हणाला, दे फेकून वही, कटकट गेली. शेवंतीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चपला घालून भाजी आणायला गेला. सभेला सतरा दिवस होते. वही जाणारच असेल तर जाण्याआधी एकदा नीट वाचून तरी बघू, असं तिच्या मनात आलं. कारण ती वही कुणी कधी वाचलीच नव्हती. लोक आपापल्या घराची ओळ बघायचे, दिवस मोजायचे आणि वही मिटायचे. दोन घरांच्या वेळा शेजारी ठेवून बघायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

तिने जुन्या कॅलेंडरची मोठी पानं पाठीमागून चिकटवून लांबलचक कागद केला. अकरा वर्षांत एकतीस मरणं. प्रत्येक मरणाची एक ओळ, आणि त्या ओळीत घरं ज्या क्रमाने कळलं त्या क्रमाने. दुपारची जेवणं उरकली की ती जमिनीवर कागद पसरून बसायची, आणि काशीराम त्याला वळसा घालून पाणी प्यायला जायचा.

तिसऱ्या दुपारी तिला पहिली गोष्ट दिसली. एकतीसपैकी सात वेळा कुंडलिकच्या घराला अनिरुद्धच्या आधी कळलं होतं. एकदा तर अडीच तास आधी. तिने चष्मा पुसला आणि वेळा पुन्हा पाहिल्या. ज्याने सांगायचं त्यालाच नंतर कळतं, तर त्याने सांगितलं काय? म्हणजे चारकोपची बातमी बोरिवलीहून जातच नव्हती. निदान नेहमी तरी नाही. मंडळाची यादी एक सांगत होती आणि वही दुसरंच.

मग कुठून? इथे तिच्यातली तपासनीस जागी झाली. तिने विचार केला, जो सांगतो त्याला सांगण्याआधी कळलेलं असणारच, दरवेळी, एकही वेळ न चुकता. म्हणून जे घर एकदा जरी चारकोपच्या मागे पडलं असेल ते बाद. लाल पेन घेऊन ती एकेक घर खोडत गेली. नाहूरची अकराच्या अकरा गेली, तिचं स्वतःचं धरून. मुलुंड गेलं. बोरिवली सगळी गेली. चार दिवसांत, कुंडलिकचं स्वतःचं घर धरून, बावन्न घरं खोडून झाली आणि दोन उरली: घाटकोपरचे लवूनाना आणि वाकोल्याची सुलक्षणा.

लवूनाना उरणारच. पहिला फोन त्यांचा, ते सगळ्यांच्याच पुढे. तरी तिने त्यांना फोन करून विचारलं. त्यांनी चारकोपला जन्मात फोन केला नव्हता. तो अनिरुद्धचा विभाग, आणि दुसऱ्याच्या विभागात नाक खुपसायची त्यांना सवय नव्हती.

तेव्हा तिने मधला वेळ मोजला. लवूनाना आणि चारकोप यांच्यात कधी वीस मिनिटं, कधी पाच तास, काही धरबंध नाही. सुलक्षणा आणि चारकोप यांच्यात मात्र अर्धा तास, चाळीस मिनिटं, अर्धा तास, पंचवीस मिनिटं. दिवसभरात केव्हाही. फक्त रविवार आला की दोन-अडीच तास. शेवंती त्या रविवारांकडे खूप वेळ बघत बसली. एका घराने दुसऱ्या घराला सरळ फोन केला तर रविवारी उशीर का व्हावा? रविवारी तर माणसं घरी असतात. उशीर होतो तो कारखाना बंद असतो म्हणून. म्हणजे मध्ये तिसरं कुणीतरी होतं. सुलक्षणाकडून त्याला कळायचं आणि ते कामावर कुंडलिकच्या घरातल्या कुणाला तरी भेटायचं. आणि हे तिसरं माणूस चोपन्न घरांत नव्हतं. वहीत त्याची ओळच नव्हती.

नाव नाही, गाव नाही, पण माणूस आहे, हे तिला नाहूरच्या घरात जमिनीवर बसून समजलं होतं.

शेवटी तिने उशिराच्या ओळी काढल्या. चारकोपला दुसऱ्या दिवशी कळलं असं अकरा वर्षांत तीनदाच झालं होतं. त्या तीन ओळींत सुलक्षणाच्या घरासमोर वेळ नव्हती. शेवंतीच्याच अक्षरात तिथे लिहिलं होतं: गावी. तिन्ही वेळा. गावातच असलेल्या माणसाला कळल्याची वेळ नसते, म्हणून तसं लिहायची पद्धत. पहिली दोन मरणं दूरच्या म्हाताऱ्यांची होती, चारकोपला उशीर झाला तरी कुणाचं काही अडलं नव्हतं. तिसरी ओळ सुगंधाकाकीची.

दुसऱ्या दिवशी ती वाकोल्याला गेली. सुलक्षणा तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, गुडघ्यांनी बेजार, जिभेने तरतरीत. चहा झाल्यावर शेवंतीने विचारलं, तू चारकोपला कुणाला फोन करतेस?

"अगो, मी खंय चारकोपाक फोन करतंय?" सुलक्षणा म्हणाली. "मी माज्या शीतलाक करतंय."

शीतल ही सुलक्षणाची मुलगी. लग्न होऊन चारकोपला दिलेली, सासरच्या आडनावाची झालेली, म्हणून तावड्यांच्या यादीतून उतरलेली. लेक दिली की तिचं सुतक तुटतं, वहीतून नावही जातं. पण आईला काही कळलं की पहिला फोन लेकीलाच जातो, हे यादी करणाऱ्या पुरुषांच्या ध्यानात कसं येणार? शीतल चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत इमिटेशन दागिन्यांच्या गाळ्यात पॅकिंगला होती. आणि तिच्या शेजारच्या टेबलावर चेतना, कुंडलिकची सून. शीतल चेतनाला सांगायची, चेतना घरी फोन करून सासूला सांगायची, "आजी गेली", "आबा गेले", आणि घरात सगळे समजायचे मंडळाकडून कळलं. रविवारी गाळा बंद असला की शीतल घरकाम उरकल्यावर चेतनाला फोन करायची. रीतीप्रमाणे कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

काकी गेली तेव्हा सुलक्षणा गावी काकीच्याच उशाशी होती. तिने काकीच्या तोंडात गंगाजल घातलं, अंघोळ घातली. लेकीला फोन करायचं तिच्या मनातही आलं नाही, कारण मुंबईला मंडळ कळवतंच. मी केला असता फोन तर, असं ती दोनदा म्हणाली. शेवंतीने तिचा हात धरला आणि सांगितलं, तुझा काही दोष नाही, तू कुणाला बांधील नव्हतीस. असं दुसऱ्याला सांगताना तिच्या स्वतःच्या छातीवरचा धोंडा जरासा हलला.

सभा घाटकोपरच्या एका शाळेच्या वर्गात होती, रविवारी सकाळी. साठ-सत्तर माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली. हिशेब, गणपतीची वर्गणी, गावच्या देवळाचा पत्रा, असे तीन विषय रडतखडत गेले. चौथ्याला अनिरुद्ध उठला. शांतपणे बोलला, वहिनींचं वय झालं वगैरे. शेवंतीने हात वर केला आणि विचारलं, मी फळा वापरू का?

तिने तो लांब कागद फळ्यावर लावला. चिकटपट्टी काशीरामने धरली. तो आदल्या दिवसापासून तिच्याशी एकदम आदराने वागत होता. तिने पट्टीने एकेक ओळ दाखवली. आवाज चढवला नाही, कुणाला टोमणा मारला नाही. तिला ओळखणाऱ्यांना याचंच जास्त आश्चर्य वाटलं. आधी सात ओळी, जिथे चारकोप बोरिवलीच्या पुढे होतं. मग खोडलेली घरं. मग उरलेलं एक घर. मग रविवार. बोलता बोलता वर्गातली कुजबुज थांबली. मागच्या बाकावरची माणसं उठून पुढे आली आणि आपापल्या घराची ओळ शोधायला लागली. मग तिने सांगितलं, मध्ये एक माणूस आहे जे आपल्या यादीत नाही, आणि दाराकडे पाहिलं. तिने शीतलला बोलावून ठेवलं होतं. शीतल आत आली आणि म्हणाली, हो, मीच सांगते चेतनाला. चेतना दुसऱ्या बाकावर सासऱ्याच्या शेजारी होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, हो. त्या दिवशी शीतलने काही सांगितलं नव्हतं. कुणीच काही सांगितलं नव्हतं. सकाळी गावाहूनच फोन आला.

आता सगळ्यांनी अनिरुद्धकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता, आणि घाबरटाने केलेलं नुकसान काही कमी नसतं. तो बाकाची कड खरवडायला लागला.

"मी आधी करायचो फोन," तो म्हणाला. "दरवेळी तिकडून म्हणायचे, कळलं. पाच-सहा वर्षं तेच. मग मी सोडून दिलं. म्हटलं, कळतंच त्यांना. त्या दिवशी पण नाही केला. आणि मग तेराव्याला सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी... वहिनी काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी मला फोन केला, मला सांगितलं, एवढंच."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि सत्तर जणांनी मिळून दिली होती. आता सत्तरही जण खाली बघत होते. लवूनाना उगाच चष्मा शोधत होते. शेवंती फळ्यापाशी तशीच उभी राहिली. आपण ते शब्द बोललो नव्हतो. भात लागत होता, बॅग भरायची होती, सगळं खरं, पण ते शब्द आपण बोललो नव्हतो. दोन वर्षांनी तिला पोटभर श्वास आला. तिला मोठ्याने हसावंसं वाटलं आणि ती हसलीही. काशीरामने टाळी वाजवली. सभेत अशी टाळी वाजवतात का, हे त्याला समजेना, म्हणून तो आणखी जोरात वाजवायला लागला, आणि मग सगळा वर्ग वाजवायला लागला.

कुंडलिक मात्र उठून फळ्याजवळ गेला होता. त्याचं बोट सुगंधाकाकीच्या ओळीवर होतं. त्या ओळीत चोपन्न घरं क्रमाने होती आणि सगळ्यांत शेवटी तो आणि त्याचं चारकोप. टाळ्या थांबेपर्यंत तो वळला नाही. मग त्याने टेबलावरची वही उचलली, काकीचं पान काढलं आणि शेवंतीसमोर धरलं.

"वयनी, मी तुका नको ता बोललंय. दोन वर्सा बोललंय," तो म्हणाला. "आता हय तिसरो रकानो काढ. कोणी सांगल्यान, ता लिवचा. रीत रवांदे बाजूक. ज्येणा फोन केल्यान, तेचा नाव कागदार येवंदे."

कुणी हरकत घेतली नाही. एका म्हाताऱ्याने तोंड उघडलं होतं, त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. शेवंतीने पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. बोरिवलीच्या ओळीत, अनिरुद्धच्या घरापुढे, दोन वर्षांपूर्वीच्या त्या वेळेसमोर तिने स्वतःचं नाव लिहिलं. चारकोपच्या ओळीत काही लिहिण्यासारखं नव्हतं, तिथे ती थांबली. मग नवं पान काढून तिने पुढची व्यवस्था लिहायला घेतली: प्रत्येक घराला दोघांनी कळवायचं, म्हणजे एक नसला तर दुसरा. चारकोपसमोर तिने पहिलं नाव शीतलचं घातलं. सासरी गेलेल्या लेकीचं नाव मंडळाच्या वहीत पहिल्यांदा चढलं आणि मागे उभ्या असलेल्या सुलक्षणाने पदर तोंडाला लावला.

"आणि दुसरं नाव?" शेवंतीने पेन थांबवून विचारलं.

"तुजा," कुंडलिक म्हणाला. "माज्या घराक फोन तुजो येवंदे, वयनी."

शेवंतीने लिहिलं. अक्षर जरा हललं, कारण डोळ्यांतलं पाणी पानावर पडू नये म्हणून तिला मान मागे घ्यावी लागत होती.